आयरिश नमुना: पेनसिल्व्हेनिया आणि सिंध

कुणीतरी विचारलंय, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या राज्य पोलिसांचे पहिले प्रमुख जॉन ग्रूम यांना पोलिसी कामाचा अनुभव होता का? मुळात ते फिलाडेल्फियातल्या घोडदळाच्या तुकडीचे कॅप्टन. 1902 च्या कोळसा खाणकामगारांच्या संपानंतर 1905 मध्ये हे दल उभं राहिलं, माणसं फक्त 228, आणि नमुन्यासाठी ग्रूम यांनी आयर्लंडची सशस्त्र पोलीस रचना अभ्यासली. हे वाचून मला सिंध जिंकणारा ब्रिटिश सेनापती चार्ल्स नेपियर आठवला. त्यानेही 1843 मध्ये सिंधचे पोलीस त्याच आयरिश धर्तीवर उभे केले, आणि 1853 मध्ये मुंबई इलाख्याने तोच कित्ता गिरवला. लोकांपासून लांब, बराकीत राहणारं पोलीसदल. खाणकामगार पेनसिल्व्हेनियाच्या या स्वारांना 'कोसॅक' म्हणत, म्हणजे रशियाच्या झारचे दडपशाही करणारे घोडेस्वार. त्यांचा तो राग मला रास्तच वाटतो.

पुढे 1923 मध्ये ग्रूम फिलाडेल्फियाच्या ईस्टर्न स्टेट तुरुंगाचे वॉर्डन, म्हणजे प्रमुख झाले. 1924 मध्ये तिथे पेप नावाचा काळा कुत्रा आला. कैद्यासारखा त्याचाही फोटो काढलाय, गळ्यात नंबर: सी-2559. राज्यपालांच्या बायकोची मांजर मारली म्हणून त्याला जन्मठेप झाली, असं वर्तमानपत्रांनी छापलं. खरं तर राज्यपाल पिंचो यांनी त्याला कैद्यांना सोबत म्हणून पाठवलं होतं.