विमच्या स्क्रिप्टमध्ये | ने आज्ञा जोडणं बंद करा

खाडीकाठ (रत्नागिरी):
आंब्याच्या पेट्यांच्या याद्या आमच्याकडे टेक्स्ट फाइलीत येतात, साफसफाई विम या टेक्स्ट एडिटरमध्ये होते. विममध्ये | हे चिन्ह टाकून एका ओळीत अनेक आज्ञा जोडता येतात. माझं स्पष्ट मत: कॉन्फिग फाइलीत (विम सुरू होताना वाचतो ती सेटिंगची फाइल) एका ओळीत एकच आज्ञा, जास्त हव्या तर फंक्शन लिहा. एफ५ कीला 'सेव्ह | सॉर्ट' असं मॅपिंग (की दाबल्यावर चालायच्या आज्ञा) दिलं, तर | पाशी मॅपिंग संपलं असं विम धरतो. एफ५ ला फक्त सेव्ह मिळतं आणि सॉर्ट कॉन्फिग वाचतानाच चालतं. देवगडची यादी उघडी असताना कॉन्फिग पुन्हा सोर्स केली (विमला वाचायला लावली) की गाडी भरायचा क्रमच बदलला. एरर एकही नाही!

माडाची सावली (मालवण):
दादा, यात | चा काय दोष? मॅपिंगमध्ये त्याच्या जागी कोनी कंसात 'बार' लिहायचं, हेल्पमध्येच दिलंय. एवढ्याशा कामाला पाच ओळींचं फंक्शन कशाला? आणि यू (अनडू) दाबलं की यादी होती तशी.

खाडीकाठ:
यू दाबायला आधी लक्षात तरी यायला हवं. शिवाय नियम एकच असता तर मी वाद घातलाच नसता. सब्स्टिट्यूट (शोधून बदलणारी आज्ञा) | ला संपते. ग्लोबलमध्ये | नंतरचंही जुळलेल्या प्रत्येक ओळीला चालतं. शेवटी सेव्ह जोडलंत तर ४०० ओळींसाठी फाइल ४०० वेळा लिहिली जाते. नॉर्मल तर पुढचं सगळं कीबोर्डवर दाबल्यासारखं घेते: ओळीअखेर 'हापूस' जोडून सेव्ह करायला जावं, तर सेव्हची आज्ञाच पेटीच्या नावापुढे टाइप होते. हा गोंधळ विमचा पूर्वज असलेल्या जुन्या व्ही-आय एडिटरकडून आलाय, असं हेल्पच सांगते.

सुरुची_बाग (वेंगुर्ला):
नॉर्मलला एक्झिक्यूट आज्ञेत अवतरणात घाला, मग | पुढची आज्ञा वेगळी चालते. पण मीही खाडीकाठच्याच बाजूने. विमपासून निघालेल्या निओविममध्ये ल्युआ भाषेतून कीला थेट फंक्शन देता येतं, तिथे हा प्रश्नच उरत नाही.

माडाची सावली:
जुन्या मशीनवर निओविम कुठून आणायचा? कमांड लाइनवर तर | शिवाय हात चालत नाही. आणि तो शिकला नाही तर दुसऱ्याची कॉन्फिग वाचणार कशी?

खाडीकाठ:
कमांड लाइनवर खुशाल वापरा, परिणाम लगेच डोळ्यांसमोर असतो. मी बोलतोय ते साठवलेल्या स्क्रिप्टबद्दल, जी सीझनमध्ये नवा मुलगा चालवणार. फंक्शन साध्या विममध्येही लिहिता येतं. आणि तुमच्या ऑटोकमांडच्या (फाइल उघडणं वगैरे घडलं की आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या) ओळी एकदा तपासा: तिथे | नंतर लिहिलेली आज्ञा त्या ऑटोकमांडचाच भाग होते.