पहिली रथसेना: इजिप्त घेऊ की हित्ती?

मोडका_आरा:
15 मिमी मापाच्या छोट्या सैनिकांत पहिल्यांदाच रथांची सेना उभारतोय. डीबीए या टेबलावरच्या युद्धखेळासाठी, म्हणजे 12 एलिमेंट (एका बेसवरचा एकेक गट). डोक्यात कादेशची लढाई आहे, इजिप्त विरुद्ध हित्ती, इ.स.पू. 1274. इजिप्त की हित्ती, यातच पंधरा दिवस गेले. मध्ये एक रथ जोडून बघितला. चाकं लावली, घोडे जुंपले, सारथी आणि धनुर्धर चिकटवले आणि मग ब्रश हातात घेतला. आता घोड्यांच्या पोटाखाली ब्रश जातच नाही. जरा जोर केला तर चाकाचा आरा तुटला. प्रत्येक रथाचं असंच होणार का?

खोपेशवाला:
जोडून रंगवलात तिथेच फसलात. माझे पहिले चार रथ असेच गेले. आता घोडे, गाडा, चाकं, माणसं सगळं सुटं ठेवतो आणि आइस्क्रीमच्या काड्यांवर चिकटवून रंगवतो. मग बेसवर आधी गाडा, नंतर घोडे. दांडी जुवावर नीट टेकली की माणसं, सगळ्यात शेवटी. लगामाला दोरा लावू नका, त्याचे तंतू सुटतात आणि या मापात तो काथ्यासारखा दिसतो. बिघडलेल्या इअरफोनमधली तांब्याची तार काढा.

विकत घेण्याआधी आरे मोजा. कादेशच्या वेळी इजिप्तच्या चाकाला सहा आरे. चार असतील तर ते अठराव्या घराण्याच्या सुरुवातीचं चाक, आठ म्हणजे असिरियन, कित्येक शतकं पुढचं. आस गाड्याच्या अगदी मागच्या कडेला हवा. तुतनखामेनच्या थडग्यात सहा रथ निघाले, त्यांचे फोटो समोर ठेवा. तळ फळीचा नाही, खाटेसारखा चामड्याच्या पट्ट्यांनी विणलेला आहे. लोक तिथे तपकिरी फासून मोकळे होतात, फार चिडचिड होते माझी.

आणि पांढरं लिनन सोपं समजू नका. खाली खाकी द्या, पांढरा फक्त चुण्यांच्या कडांवर.

मी इजिप्त घेईन.

ओरोंटिसकाठचा:
मी हित्ती. इजिप्तचा राजा रामसेस, त्याच्याच मंदिरांच्या भिंतींवर त्यांच्या रथात तिघे दाखवलेत. टेबलावर तो भरलेला रथ काय दिसतो! एक माणूस जास्त रंगवावा लागतो, हे खरं.

पण इजिप्त घेतलंत तर शेर्देन नक्की घ्या. शिंगांची शिरस्त्राणं, गोल ढाली, रामसेसच्या पदरी लढणारे. नुसते रथ घेऊन टेकडीत आणि झाडीत कोण शिरणार?

तुटलेला रथ फेकू नका मात्र. कादेशला हित्ती रथांनी इजिप्तचं कूच करणारं रे दळ फोडलं आणि थेट आमून दळाच्या छावणीत घुसून लूट मांडली. डीबीएत छावणी लागतेच, त्यात आडवा टाका.

मोडका_आरा:
ठरलं, इजिप्त. दुसरं चाकही काढलंय, छावणीच्या ढालींना टेकवून ठेवतो. चिकटवलेला सारथी मात्र सुटत नाहीये, तो तसाच रथाखाली.