मुंबई ते नागपूर, जुळी बाळं: कार की ट्रेन?

तान्ह्या जुळ्यांना घेऊन मुंबईहून नागपूरला जायचं तर समृद्धी महामार्गाने कारने जा असं काही जण सुचवतात, पण रस्ता 701 किमीचा आहे. एवढ्या लहान बाळांना कारसीटमध्ये सलग दोन तासांहून जास्त ठेवत नाहीत. मान पुढे पडून हनुवटी छातीला टेकली की श्वास अडू शकतो. म्हणजे थांबत थांबत अख्खा दिवस जाणार. त्यापेक्षा रात्रीची ट्रेन, सेकंड एसीच्या समोरासमोरच्या दोन लोअर बर्थ (साइड बर्थ नकोच, पॅसेजमधली ये-जा झोपू देत नाही). पाच वर्षांखालच्यांना तिकीट नाही, बर्थही नाही. एका बर्थवर एक बाळ भिंतीकडे आणि एक मोठं माणूस. थंडी वाजतेय का हे हातपाय नाही, मानेमागे हात लावून बघा.

पावडरचं दूध घरून कालवून नेऊ नका. मोजलेली पावडर कोरड्या डबीत, उकळलेलं पाणी थर्मासमध्ये. बाटली उष्टी झाली की तासाभरात उरलेलं ओतून द्यायचं. डायपर प्रत्येकी आठ, वर चार. दोघांचे मोजे वेगळ्या रंगाचे आणि कोण कधी प्यायलं ते मोबाइलवर लिहा. पहाटे तीनला कुणालाच आठवत नाही. बाळं वेळेआधी जन्मलेली असतील तर आधी डॉक्टरांना विचारूनच बुकिंग.