मदत हवी आहे: भूऔष्णिक क्षमतेच्या नकाशात उन्हवरे आणि तुरळ हे गरम झरेच 'कमी' वर्गात येताहेत

क्यूजीआयएस या नकाशे करायच्या सॉफ्टवेअरमध्ये रायगड-रत्नागिरीचा नकाशा करत आहे. पाच लेयर आहेत: भूपृष्ठाचं तापमान (लँडसॅट ८ उपग्रहाचा उष्णता टिपणारा बँड १०, जानेवारी), लिनिअमेंटची (जमिनीवर दिसणाऱ्या लांब सरळ रेषांची) घनता, भ्रंशापासूनचं अंतर, खडकाचा प्रकार आणि गरम झऱ्यांपासूनचं अंतर. भार एएचपीने (घटकांची जोडीजोडीने तुलना करून) काढले, तापमानाला ३५ टक्के. तुलनांच्या मॅट्रिक्सचा लॅम्डा मॅक्स (सर्वांत मोठी आयगेन किंमत) ५.६२ येतो. निकालात सगळे सडे (जांभ्याची उघडी पठारं) लालभडक, म्हणजे उच्च, आणि उन्हवरे-तुरळ निळे. चूक कुठे आहे?

प्रतिसाद १
झऱ्यांपासूनचं अंतर लेयरमध्ये असूनही झरेच निळे येताहेत, म्हणजे रिक्लासिफाय (किमतींचे पट्टे करून गुण देणं) उलटं झालंय. अंतराच्या रास्टरमध्ये (पिक्सेलच्या जाळीत) जवळची किंमत लहान असते, तिला गुण ५ द्यायचे आणि सर्वांत लांबच्या पट्ट्याला १. अंतर काढण्याआधी सगळे लेयर ईपीएसजी ३२६४३ या मीटरमधल्या प्रक्षेपणात आणा. अंशांतल्या रास्टरवर ५००, १००० असे पट्टे लावले तर अख्खा प्रदेश पहिल्याच पट्ट्यात बसतो.

एएचपीही परत करावं लागेल. (५.६२ − ५) ÷ ४ = ०.१५५, त्याला ५ घटकांसाठी ठरलेल्या यादृच्छिक निर्देशांकाने, १.१२ ने, भागलं की सुसंगतता गुणोत्तर ०.१३८. ०.१ च्या वर गेलं की तुलनाच एकमेकींशी जुळत नाहीत. मॅट्रिक्समधले ७ आणि ९ (एक घटक दुसऱ्याहून खूपच महत्त्वाचा, असे गुण) आधी तपासा, बहुतेकदा घोळ तिथेच असतो.

प्रतिसाद २
सडे लाल दिसण्याचं कारण ऊन. लँडसॅट आपल्याकडून सकाळी अकराच्या सुमारास जातो, तोवर उघडा जांभा तापलेला असतो. मार्च ते मेमधली दृश्यं घेतलीत तर राब भाजलेली काळी शेतंही 'गरम' दिसतील. ॲस्टर या उपग्रहावरच्या सेन्सरचं रात्रीचं दृश्य घेतलं की सडे बरेच शांत होतात.

पण रात्रीचं दृश्य घेऊनही झरा दिसेल अशी आशा ठेवू नका. ५ × ५ मीटरचं कुंड म्हणजे २५ चौरस मीटर, ॲस्टरचा ९० मीटरचा पिक्सेल म्हणजे ८,१००. कुंड भोवतालापेक्षा ४५ अंशांनी गरम असलं तरी पिक्सेल जेमतेम ०.१४ अंशाने चढतो. सेन्सरचा स्वतःचा गोंगाटच ०.३ अंशापर्यंत असतो! कोकणात या लेयरला ५ टक्क्यांहून जास्त भार देऊ नये, काढलाच तर उत्तम.

प्रतिसाद ३
लिनिअमेंट कशावरून काढलेत? इथल्या मुख्य रेषा साधारण उत्तर-वायव्य ते दक्षिण-आग्नेय जातात, आणि जानेवारीच्या सकाळी सूर्यही जवळपास त्याच दिशेत, आग्नेयेला असतो. रेषेला समांतर प्रकाश पडला की सावलीच पडत नाही आणि नेमके महत्त्वाचे भ्रंश हरवतात. एसआरटीएमच्या ३० मीटर डीईएमवरून (उंचीच्या डिजिटल नकाशावरून) हिलशेड, म्हणजे कृत्रिम प्रकाशाची छायाचित्रं करा, अझिमथ (प्रकाशाची दिशा, उत्तरेपासून अंशांत) ७० आणि २५० ठेवा. आडव्या रेषांसाठी ० आणि १८० वेगळे. मग महामार्ग आणि कोकण रेल्वेची कटिंगं हाताने पुसा. स्वयंचलित पद्धत त्यांनाही भ्रंश समजते.

धागाकर्ता
रिक्लासिफाय उलटंच होतं, दुरुस्त केलं. आता दोन्ही ठिकाणं 'अति उच्च'मध्ये आली.

प्रतिसाद १
त्यावर विसंबू नका. झरे लेयरमध्ये घालून झऱ्यांवरच नकाशा तपासला तर तो बरोबरच येणार. तो लेयर काढा आणि झरे फक्त पडताळणीला ठेवा. ठाणे जिल्ह्यातले वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीचे झरे एकमेकांना खेटून आहेत, तुमच्या नकाशातलेही असे समूह एकच बिंदू धरा. शिवाय झरे दरीच्या तळाशीच फुटतात, कारण भूजल तिथे पृष्ठभागाला भिडतं. उष्णता सड्याखालीही असू शकते, म्हणून निळा भाग म्हणजे 'क्षमता नाही' असं लिहू नका.

प्रतिसाद २
तापमानाच्या जागी पाण्याचं रसायन वापरा. क्वार्ट्झ तापमापीचं (पाण्यात विरघळलेल्या सिलिकेवरून खोलवरचं तापमान काढायचं) सूत्र: १३०९ ÷ (५.१९ − लॉग सिलिका) − २७३.१५, सिलिका मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. १०० आली तर खोलवरचं तापमान सुमारे १३७ अंश. नमुने मेमध्ये घ्या. पावसाळ्यानंतर थंड पाणी मिसळून उत्तर कमी येतं. बाटलीतलं पाणी गार होताना सिलिका खाली बसू शकते, म्हणून जागेवरच गाळून दहापट ऊर्ध्वपातित पाण्यात पातळ करा. खाडीजवळच्या झऱ्यात समुद्राचं पाणी मिसळलेलं असेल तर सोडियम-पोटॅशियमची तापमापी लावू नका. आणि या मोजक्या बिंदूंवर क्रिगिंग करून (बिंदूंमधल्या जागेच्या किमती अंदाजाने भरून) रंगीत पृष्ठभाग काढू नका, बिंदू बिंदूच राहू द्या.