जुनी मोटारसायकल विकण्यापूर्वी सुरक्षा तपासणीचे प्रमाणपत्र घ्यावे लागते का?

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक):
जून २०१२ मध्ये नोंदणी झालेली, एमएच १५ क्रमांकाची माझी १२५ सीसी मोटारसायकल विकायची आहे. घेणारा मुलगा दिंडोरीचा असून रोज कॉलेजसाठी नाशिकला ये-जा करणार आहे. व्यवहाराआधी ‘गाडी चालवण्यास सुरक्षित आहे’ असे आरटीओचे प्रमाणपत्र मिळावे, अशी त्याच्या वडिलांची मागणी आहे. माझी बहीण ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला राहते. तिकडे नोंदणीकृत गाडी विक्रीस काढतानाच असे प्रमाणपत्र लावावे लागते, असे ती सांगते. आपल्याकडे तसा नियम आहे का? नसेल, तर त्या गृहस्थांची खात्री कशी पटवून द्यावी?

उत्तर १ (पंचवटी):
आपल्या बहिणीचे म्हणणे खरे आहे, पण तो क्वीन्सलँड राज्याचा नियम आहे. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ नुसार योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे ज्याला आपण फिटनेस म्हणतो ते, रिक्षा, टेम्पो, ट्रक अशा व्यावसायिक वाहनांना लागते. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षे वैध असते आणि त्या काळात केवळ विक्रीसाठी वेगळे सुरक्षा प्रमाणपत्र घ्यावे लागत नाही. मात्र आपल्या गाडीची ही मुदत जून २०२७ मध्ये संपेल. त्या वेळी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी नमुना २५ भरून, पर्यावरण कर भरून, गाडी निरीक्षकासमोर उभी करावी लागेल आणि हा खर्च नव्या मालकावर पडेल. तो आधीच स्पष्ट सांगून किंमत ठरवणे मला न्याय्य वाटते. पीयूसी मात्र वैध हवी. आपल्या गाडीच्या काळातील वाहनांना ती दर सहा महिन्यांनी काढावी लागते. परंतु पीयूसी केंद्रावर केवळ धूर मोजला जातो, त्यामुळे तो कागद दाखवून ‘गाडी सुरक्षित आहे’ असे कृपया सांगू नये.

उत्तर २ (सातपूर):
मी गेली १८ वर्षे दुचाकी दुरुस्तीचे काम करतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. कायदा मागत नसला, तरी त्या वडिलांची मागणी रास्त आहे. आपल्या माहितीतल्या नव्हे, तर त्यांच्या पसंतीच्या मेकॅनिककडे गाडी न्या आणि दोघेही समोर उभे राहा. गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचे चाक उचलावे आणि हँडल सावकाश फिरवावे; मधोमध खाचेत अडकल्यासारखे वाटले, तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या दांड्याचे बेअरिंग, गेला आहे. मागचे चाक धरून आडवे हलवावे. लटपटले, तर स्विंग आर्मचे (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश किंवा चाकाचे बेअरिंग पाहावे. मागचा ब्रेक पूर्ण दाबल्यावर ड्रमच्या झाकणावरील बाण खुणेला टेकत असेल, तर ब्रेक शू संपले आहेत. पुढच्या फोर्कचे ऑइल सील गळत असेल, तर ते तेल डिस्कवर उतरू शकते, आणि हा मुलगा कधीतरी मित्राला मागे बसवून वणीच्या गडाचा घाट उतरणार, याचा विचार विकणाऱ्यानेच करायला हवा. टायरची नक्षी दुचाकीला किमान ०.८ मिलिमीटर असावी लागते, पण नक्षी शाबूत असूनही रबर कडक झालेले टायर मी नेहमी पाहतो. टायरच्या बाजूवरील चार अंकांतून वय कळते; २३१७ म्हणजे २०१७ सालचा २३ वा आठवडा. तपासणीनंतर तारीख, किलोमीटरची नोंद, चेसिस क्रमांक आणि आढळलेले दोष मेकॅनिककडून बिलावर लिहून घ्या. तो सरकारी दाखला नसेल, पण खरा असेल.

उत्तर ३ (नाशिकरोड):
वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, परंतु विकणाऱ्याची स्वतःची सुरक्षितता नाव ट्रान्सफर होण्यात आहे. मी स्कूटर विकली तेव्हा सह्या केलेले फॉर्म खरेदीदाराच्या हाती देऊन निर्धास्त झालो. त्याने ते दाखलच केले नाहीत आणि पुढे दीड वर्ष त्याची ई-चलाने माझ्या मोबाइलवर येत राहिली. अपघात झाला असता तर प्रकरण फार गंभीर झाले असते, कारण नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक म्हणून जबाबदार ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले आहे. मालकी बदलल्याची नमुना २९ ची सूचना विकणाऱ्याने १४ दिवसांत द्यायची असते. ते काम एजंटवर किंवा खरेदीदारावर सोडू नका. पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयात दोघांनी मिळून जाणे उत्तम. जुनी चलाने भरा, कर्जाचा बोजा आरसीवरून उतरला आहे का ते पाहा, आणि विमा नव्या मालकाच्या नावे करण्यासाठी त्याने १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा, हे त्याला आवर्जून सांगा.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल दिंडोरीतील त्यांच्याच मेकॅनिककडे गाडी दाखवली. कोनसेट आणि मागचे ब्रेक शू खराब निघाले. दोन्ही माझ्या खर्चाने बदलले. मागचा टायर २०१६ चा निघाला, म्हणून नव्या टायरची रक्कम किमतीतून वजा केली. नोंदणीची मुदत कधी संपते, हेही त्यांना सांगितले. सोमवारी आम्ही दोघे पेठ रोडला जात आहोत. पावती हाती आल्यावरच चावी द्यायची, असे त्या मुलाच्या वडिलांनीच सुचवले आहे.