‘उडी’, ‘झेप’ की ‘उड्डाण’?

सातारा: मी साताऱ्यातल्या शाळेत खेळ शिकवते. भित्तिपत्रकासाठी जागतिक इनडोअर ॲथलेटिक्समधल्या महिलांच्या लांब उडीवर लिहीत होते. पोर्टलंड, २०१६. सर्बियाची इव्हाना श्पानोविच ७.०७ मीटरवर पुढे होती आणि अमेरिकेच्या ब्रिटनी रीसने शेवटच्या प्रयत्नात तिला मागे टाकून सुवर्ण जिंकलं. मी लिहिलं, ‘रीसने ७.२२ मीटर झेप घेतली.’ आठवीतल्या मुलीने विचारलं, “बाई, खेळाचं नाव लांब उडी, मग झेप कुठून आली?” मला उत्तर देता आलं नाही. वर्तमानपत्रं तर सर्रास झेप लिहितात.

सांगली: ताई, मुलीचं बरोबर आहे. उडीला माप असतं, झेपेला लक्ष्य असतं. बिबट्या शेळीवर झेप घेतो, तेव्हा किती फूट ते कोणी विचारत नाही. जोडशब्द बघा: बेडूकउडी, उंच उडी, तिहेरी उडी. ‘बेडूकझेप’ कोणी म्हणत नाही. उलट गरुडझेप आहे, ‘गरुडउडी’ नाही.

तुमच्याच बातमीत दोन्ही शब्दांना जागा आहे. रीसची उडी ७.२२ मीटरची. झेप घेतली ती दुसऱ्या क्रमांकावरून पहिल्यावर. एवढं वेगळं केलंत की वाक्य आपोआप नीट होतं.

कराड: हे पटलं. क्रियापदाचाही विचार व्हावा. मैदानावर आम्ही ‘उडी मारली’ म्हणतो, लिहिताना सगळे ‘घेतली’ करतात. मारणं गावंढळ वाटतं की काय?

सांगली: गावंढळ मुळीच नाही. आयर्विन पुलावरून पोरं पुराच्या पाण्यात उडी मारतात. डोकं खाली घालून गेली तर सूर मारतात. अंगाने करायची गोष्ट मारणंच. ‘घेणे’ आलं की त्यात निश्चय येतो. आपल्याकडच्या किती तरुणांनी प्रतिसरकारच्या लढ्यात उडी घेतली. तिथे ‘मारली’ म्हटलं तर कानाला खटकेल. लांब उडीत धावही आहे, निश्चयही आहे, म्हणून दोन्ही चालतील. मला स्वतःला ‘मारली’ आवडतं. धावत येऊन ज्या फळीवरून उडी मारतात, तिच्यावरचा पायाचा दणका त्या शब्दात ऐकू येतो.

सातारा: आणि उड्डाण?

कराड: उड्डाण पक्ष्याचं, विमानाचं, फार तर मारुतीचं. खेळाडू हवेत असते तेवढ्या टप्प्यापुरतं वापरा, मापाला नको. माप मोजतात फळीच्या वाळूकडच्या कडेपासून, वाळूत तिच्या अंगाने उमटलेल्या सर्वांत जवळच्या खुणेपर्यंत. पाय त्या कडेच्या दहा सेंटिमीटर अलीकडे पडला तर ते दहा सेंटिमीटर गेले. म्हणजे मारलेली उडी आणि मोजलेली उडी एक नसते! मुलींना हा फरक जरूर सांगा, भाषेसाठीही आणि सरावासाठीही.

सातारा: ‘इनडोअर’ला काय लिहू? अंतर्गृह?

सांगली: अंतर्गृह कोणाच्या तोंडी नाही. ‘बंदिस्त’ चांगला शब्द आहे, बंदिस्त नाट्यगृह म्हणतोच की आपण. बैठे खेळ मात्र लिहू नका, मुली कॅरमचा पट डोळ्यांसमोर आणतील. पहिल्यांदा ‘बंदिस्त मैदानातली’ लिहून पुढे इनडोअर ठेवा. बंदिस्त म्हटल्याने एक गोष्ट चटकन कळते: तिथे वारा नाही. उघड्यावर पाठीमागून सेकंदाला दोन मीटरपेक्षा जास्त वारा असला तर विक्रम धरत नाहीत, आत तो प्रश्नच येत नाही. दोन्हींचे विक्रमही वेगळे. महिलांच्या लांब उडीत पूर्व जर्मनीच्या हाइके ड्रेक्सलरचा ७.३७ मीटर आतला, सोव्हिएत संघाच्या गालिना चिस्त्याकोवाचा ७.५२ बाहेरचा, दोन्ही १९८८चे आणि अजून टिकून.

सातारा: वाक्य असं केलं: ‘बंदिस्त मैदानातल्या जागतिक स्पर्धेत रीसने शेवटच्या प्रयत्नात ७.२२ मीटर लांब उडी मारली आणि पहिल्या क्रमांकावर झेप घेतली.’ उद्या त्या मुलीकडूनच फलकावर लिहून घेते.