लाइक भरपूर, पण लोक पेजशी जोडलेत की नाही हे ओळखायचं कसं?

पट्टाबंद (प्रश्न)

लॅपटॉपच्या बॅगा विकणाऱ्या एका इन्स्टाग्राम पेजच्या दोन पोस्टचे आकडे देतोय. फॉलोअर ६,०००. दोन्ही पोस्ट बूस्ट न केलेल्या (पैसे देऊन न पसरवलेल्या), आकडे पोस्ट टाकल्यापासून ७ दिवसांचे.

पोस्ट क: नव्या बॅगेचा फोटो. रीच (पोस्ट किती जणांना दिसली) ९००, लाइक ६२, कमेंट ३, सेव्ह २, शेअर १, प्रोफाइलला भेटी ९.

पोस्ट ख: ‘लॅपटॉपच्या मापाची बॅग कशी निवडावी’, सहा चित्रांची कॅरोसेल. रीच ४१०, लाइक १४, कमेंट ४, सेव्ह २३, शेअर १२, प्रोफाइलला भेटी ३१.

लाइक आणि रीच पाहिले तर ‘क’ सरळ पुढे आहे. पण तसं धरणं बरोबर आहे का? आणि फॉलोअर ६,००० असताना रीच ९०० च्या वर का जात नाही? कमेंट इतक्या कमी येतात त्याचा अर्थ लोकांना पेजशी काही घेणंदेणं नाही, असा घ्यायचा का?

आकडेमोड

‘ख’ पुढे आहे, तेही बरंच. कच्चे आकडे शेजारी ठेवू नका, आधी प्रत्येकाला त्याच्या रीचने भागा.

लाइक: क ६.९ टक्के, ख ३.४ टक्के.
सेव्ह आणि शेअर मिळून: क ०.३ टक्के, ख ८.५ टक्के.
प्रोफाइलला भेटी: क १ टक्का, ख ७.६ टक्के.

लाइक स्क्रोल करता करताही देऊन होतो. सेव्ह करणारा ‘हे मला पुन्हा लागणार आहे’ म्हणतोय. शेअर करणाऱ्याच्या डोक्यात त्या क्षणी एक ठरावीक माणूस आहे, ‘तू बॅग शोधत होतास ना, हे बघ’. प्रोफाइल उघडणाऱ्याला पोस्टमागे कोण आहे ते बघायचंय. नातं मोजायचं तर लोक जिथे थोडी तसदी घेतात तिथे मोजा. लाइक अगदीच कुचकामी नाहीत. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी रँकिंगबद्दल बोलताना लाइकचाही उल्लेख केलाय, पण पेजला न ओळखणाऱ्यांपर्यंत पोस्ट जाण्यात ती दुसऱ्याला पाठवली जाण्याचं वजन जास्त, असं त्यांचं म्हणणं आहे.

आता रीच. ९०० रीच म्हणजे ९०० फॉलोअर नव्हेत. इन्साइट्समध्ये (इन्स्टाग्रामच्या आकडेवारीच्या भागात) फॉलोअर आणि फॉलोअर नसलेले अशी फोड मिळते, ती आधी बघा. उरलेल्या फॉलोअरांचं म्हणाल तर त्यातली काही खाती बंद पडलेली असतात आणि काही लोकांनी कितीतरी दिवसांत तुमच्या कुठल्याच पोस्टवर बोट ठेवलेलं नसतं. फीड तारखेवार लागत नाही. हा माणूस या पोस्टचं काय करील याचा अंदाज त्याच्या आधीच्या वागण्यावरून बांधला जातो आणि त्यावर क्रम ठरतो. फेसबुकने तर जानेवारी २०१८ मध्ये जाहीरच केलं होतं की फीडमध्ये मित्र आणि कुटुंबातल्यांच्या पोस्टना प्राधान्य मिळेल, पेजेसचा नंबर नंतर. तेव्हा फॉलोअरचा आकडा हा आजवर कधीतरी होकार दिलेल्यांची यादी समजा. आज समोर कोण बसलंय ते त्यातून कळत नाही.

दोन पोस्टवरून निष्कर्ष मात्र काढू नका. शेवटच्या ३० पोस्ट एका शीटमध्ये उतरवा. रकाने: तारीख, प्रकार (फोटो, कॅरोसेल, रील), विषय, रीच, त्यातले फॉलोअर, लाइक, कमेंट, सेव्ह, शेअर, प्रोफाइलला भेटी. इथे हमखास चुका होतात त्या अशा:

– कालच्या पोस्टचा आकडा महिन्यापूर्वीच्या पोस्टशेजारी लावणं. प्रत्येक पोस्टला ७ दिवस पुरे होऊ द्या, मगच आकडा उतरवा.
– रील आणि फोटो एकत्र मोजणं. रील बरेचदा फॉलोअर नसलेल्यांकडेच जास्त जाते, त्यामुळे टक्के वेगळे पडतात. शीट वेगळं ठेवा.
– बूस्ट केलेली पोस्ट त्यातच धरणं. तिचा रीच विकतचा आहे.
– सरासरी काढणं. एखादी रील उसळली की सरासरी महिनाभर खोटं बोलते. आकडे चढत्या क्रमाने लावा आणि मधला घ्या. ३० पोस्ट असतील तर १५ वा आणि १६ वा, त्या दोघांचा मध्य.

कमेंटबद्दल: ऑनलाइन समूहांसाठी जेकब निल्सन यांनी २००६ मध्ये एक ढोबळ नियम मांडला होता, ९० टक्के नुसते वाचतात, ९ टक्के अधूनमधून बोलतात, १ टक्का बहुतेक सगळं लिहितो. जसाच्या तसा तो सगळीकडे लागू होत नाही, पण गप्प बसणारे बहुसंख्य असतात हे खरं. स्टोरीत दोन पर्यायांचा पोल टाकून बघा. कमेंट न करणारे तिथे बोट टेकवतात, कारण मत दिलंय हे चारचौघांत दिसत नाही.

ओळीमधलं

वरचा हिशेब पटला. पण कोण काय बोलतंय ते वाचल्याशिवाय टक्क्यांवरून फार तर ताप आहे एवढं कळेल, दुखणं कुठे आहे ते नाही.

शेवटच्या १०० कमेंट आणि मेसेज घ्या, एकेका ओळीपुढे खूण करा. खरेदीआधीचा प्रश्न, खरेदीनंतरचा प्रश्न, कौतुक, तक्रार, मित्राला टॅग, आणि सहावा प्रकार म्हणजे लोकांनी आपसात बोलणं. तासाभराचं काम आहे. नुसते इमोजी वेगळे काढा, ते कुठेच मोजू नका.

सहाव्या प्रकाराकडे नीट बघा. एकाने विचारलं आणि पेजच्या आधी दुसऱ्याच ग्राहकाने उत्तर दिलं, तर तिथे खरंच काहीतरी रुजतंय. सगळ्या कमेंट पेजच्या नावाला उद्देशून असतील आणि एकमेकांना एकही नसेल, तर तो काउंटर आहे. काउंटर असणं वाईट नाही, पण त्याला ‘आमची कम्युनिटी’ म्हणू नये.

आता नेहमी होणारा घोळ. कोणीतरी विचारतं, ‘१५.६ इंची लॅपटॉप बसेल का?’ पेज उत्तर देतं, ‘डीएम केलाय.’ विचारणाऱ्याचं एक वेळ भागलं, पण हाच प्रश्न मनात असलेल्या आणि न विचारणाऱ्या बाकीच्यांना काहीच मिळालं नाही. शिवाय विचारलं की इनबॉक्समध्ये ओढतात हे त्यांनी पाहिलं. उत्तर तिथेच, असं द्या: ‘१५.६ इंच हे स्क्रीनचं तिरकं माप आहे. लॅपटॉपची रुंदी कडेपासून कडेपर्यंत पट्टीने मोजा. या बॅगेच्या कप्प्यात ३७ सेमीपर्यंतचा बसतो.’ १५.६ इंचाची नेहमीची रुंद स्क्रीन साधारण ३४.५ सेमी भरते, कडा धरून लॅपटॉप त्याहून मोठा. हे माहीत नसल्याने परत येणाऱ्या बॅगा तुमच्याकडेही असतील. अशी उत्तरं लोक पुढे पाठवतात. डीएममध्ये फक्त पत्ता, फोन आणि ऑर्डरचा तपशील न्यावा.

आणखी एक. पोस्ट एका आवाजात आणि उत्तरं दुसऱ्या आवाजात नकोत. कॅप्शनमध्ये ‘काय म्हणताय मंडळी’ आणि तक्रारीखाली ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत’! वाचणाऱ्याला लगेच कळतं की आत दोन माणसं आहेत, त्यातलं एक छापील. हॉर्टन आणि वोल या दोघा अभ्यासकांनी १९५६ मध्ये टीव्ही आणि रेडिओवरच्या व्यक्तींशी प्रेक्षकांचं जे एकतर्फी नातं जडतं त्याबद्दल लिहिलं होतं. पेजशी जडणारं नातंही बरंचसं तसलंच, फक्त इथे समोरून खरंच उत्तर येऊ शकतं. ते छापील आलं तर टीव्ही बरा.

गिव्हअवे_नको

कोणी सुचवायच्या आत सांगून ठेवतो, ‘३ मित्रांना टॅग करा आणि बक्षीस जिंका’ हे करू नका. कमेंट फुगतील, पण बक्षिसासाठी आलेले लोक बॅगांसाठी आलेले नसतात. पुढच्या पोस्टला ते ढुंकून बघत नाहीत, फॉलोअर वाढतात आणि फॉलोअरांच्या हिशेबात प्रतिसाद घटतो. शिवाय लाइक, शेअर, टॅग मागणाऱ्या पोस्ट खाली ढकलायचं फेसबुकने डिसेंबर २०१७ मध्येच जाहीर केलंय. विकत घेतलेल्या फॉलोअरांचं तर बोलायलाच नको.

जाता जाता: फेसबुक पेजचे लोक आधी ‘फॅन’ व्हायचे, एप्रिल २०१० पासून ‘लाइक’ करायला लागले, २०२१ च्या नव्या रचनेत पेजचं लाइक बटण जाऊन नुसतं ‘फॉलो’ उरलं. शब्द दर वेळी पातळ होत गेला, आपण मात्र अजून फॅन मोजल्यासारखे मोजतोय.

पट्टाबंद

३० पोस्टचं शीट केलं. माप, कप्पे आणि चेन दुरुस्तीच्या पोस्ट सेव्हमध्ये वर, नव्या मालाचे फोटो तळाला. मग मालाचे फोटो बंदच करायचे का? आणि यातून विक्री होते का ते कसं कळणार? वेबसाइटच्या आकड्यांत बहुतेक भेटी ‘डायरेक्ट’, म्हणजे कुठून आल्या ते न कळलेल्या, दिसतात.

आकडेमोड

फोटो बंद करू नका. ‘ख’ वाचून प्रोफाइलवर आलेल्या माणसाला तिथे माल दिसला पाहिजे. फोटोचं काम तिथे आहे, फीडमध्ये त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

‘डायरेक्ट’चं कारण असं, की लिंक कोणी व्हॉट्सॲपवर पुढे पाठवली तर ती कुठून आली ही माहिती बरेचदा गळून पडते. म्हणून प्रत्येक जागेसाठी वेगळी यूटीएम (भेट कुठून आली ते सांगणारी, लिंकच्या शेवटी लावायची खूण) जोडलेली लिंक करा: बायोची एक, स्टोरीची एक, फेसबुक पोस्टची एक. लिंक कॉपी होऊन फिरली तरी यूटीएम सहसा सोबत जाते. नावं सगळीकडे एकाच स्पेलिंगमध्ये आणि लहान लिपीत ठेवा, नाहीतर एकच जागा अहवालात दोन वेगळ्या ओळींत दिसते.

तेवढ्याने सगळं सापडणार नाही. ऑर्डरच्या फॉर्मवर ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ असा एक रिकामा रकाना ठेवा, पर्यायांची यादी देऊ नका. यादी दिली की लोक पहिला पर्याय दाबून मोकळे होतात. रिकाम्या जागेत ‘भावाने तुमची मापाची पोस्ट पाठवली’ असं काहीतरी येतं, आणि ते कुठल्याच इन्साइट्समध्ये दिसत नाही.

ओळीमधलं

इनबॉक्सचंही एक लक्षात ठेवा. मेसेंजर आणि इन्स्टाग्रामवर ऑटोमेशनचं टूल वापरत असाल तर ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजपासून साधारणपणे २४ तासच मोकळेपणाने उत्तर देता येतं, नंतर बंधनं येतात. शनिवारी रात्री आलेला प्रश्न सोमवारी बघितला तर ती मुदत टळलेली असते. ऑटो-रिप्लाय ठेवायचाच तर ‘लवकरच संपर्क करू’ नको. कधी उत्तर मिळेल ती वेळ लिहा आणि मापाच्या पोस्टची लिंक द्या, निम्मे प्रश्न तिथेच मिटतील. चेन दुरुस्तीच्या पोस्टखाली काय विचारतायत तेही इथे टाका. ‘चेन कुठे बदलून मिळेल’ म्हणणारे आणि ‘तुमची चेन तुटली’ म्हणणारे एकाच रकान्यात गेले असतील, तर कमेंटच्या खुणा पुन्हा कराव्या लागतील.